सळई आणि पाट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला भाषण करता येत नाही हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. मंडळाच्या सभेत मी आजवर बोलले असेन ते बहुधा जमाखर्चाविषयी, आणि तेही कोणी विचारले तर. परंतु या वर्षी चिटणीसबाईंनी गळच घातली. म्हणाल्या, "त्या सळईची हकीकत तुम्हीच सांगा. वस्तू तुमच्या घरची, आणि फजितीही तुमचीच." फजिती या शब्दाला हरकत घ्यावी असे मनात आले होते, पण झाले ते आठवले आणि गप्प बसले.

आपल्याला आठवत असेल, वर्धापनदिनानिमित्त जुन्या घरगुती वस्तूंचे प्रदर्शन मांडावे असे आपण ठरविले आणि प्रत्येकीने घरातून निदान एक तरी वस्तू आणावी असे सांगितले. वस्तू पुष्कळ आल्या. अडकित्ते आले, शेवेचा पितळी सोऱ्या आला, करंजीची कड कापावयाचे कातणे आले. कोणाच्या घरून टाचा घासावयाची पितळी वजरी आली. ती आमच्या नातवंडांना खेळण्यातली वाटली. मी माळ्यावरची सासूबाईंची ट्रंक उघडली. त्यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. ट्रंकेच्या तळाशी, जुन्या लुगड्याच्या चिंधीत घट्ट गुंडाळलेली एक लोखंडी सळई निघाली. दीड वीत लांब, मधोमध करंगळीएवढी जाड आणि दोन्ही टोकांकडे सारखी निमुळती होत गेलेली. भोक नाही, मूठ नाही, धार नाही, नाव नाही. चिंधी झटकली तेव्हा घडीतून दोन-तीन काळपट गोळ्या खाली पडल्या. उंदराच्या लेंड्या असाव्यात असे समजून मी त्या केरात लोटल्या. त्या गोळ्यांकडे मी पुन्हा येणार आहे.

सळई सभागृहात टेबलावर ठेवली आणि तर्क सुरू झाले. एक बाई म्हणाल्या, हा जात्याचा खुंटा. पण जात्याचा खुंटा लाकडाचा, आणि तो एका टोकाने भोकात बसतो. ही दोन्हीकडे निमुळती. दुसरी म्हणाली, वैद्याच्या खलातला बत्ता असेल. पण बत्त्याचे टोक कुटून कुटून चपटे झालेले असते, याची टोके जशीच्या तशी. पाथरवटाची टाकी म्हणावी, तर तिच्या डोक्यावर हातोडीचे घाव दिसतात. येथे एकही घाव नव्हता. शेजारच्या एका मास्तरांनी तर तिला थेट लष्करात भरती केले. हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, ती १९०३ पर्यंत टिकली. तेव्हा हे पलटणीच्या बंदुकीचे काहीतरी सामान असले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. तर्क भारी होता. पण बंदुकीचे सामान लुगड्याच्या चिंधीत बांधून सासूबाईंनी का जपावे, याचे उत्तर मास्तरांजवळ नव्हते. माझ्या भाच्याने मोबाईलवर फोटो काढून चार ठिकाणी धाडला आणि संध्याकाळपर्यंत चार ठिकाणांहून चार उत्तरे आली. रस्त्याने चाललेल्या भंगारवाल्याला विचारले, तर त्याने ती तराजूत टाकली आणि भाव सांगितला. त्याच्यापुरते कोडे सुटलेले होते!

भगिनींनो, या खटाटोपातून एक गोष्ट मी शिकले. अनोळखी हत्यार हाती आले की आपण त्याचे रूप पाहतो आणि ते कशासारखे दिसते ते सांगू लागतो. रूपावरून फसगत फार होते. आंध्र प्रदेशात पोंडूरू म्हणून गाव आहे. तेथील तलम खादी प्रसिद्ध आहे. तेथे कापसाचे तंतू विंचरावयाला माशाच्या जबड्याचे हाड वापरतात. बारीक दातांचे ते हाड आपल्यापुढे कोणी ठेवले, तर कापसाची फणी हा विचार आपल्यापैकी कोणाच्या मनात येईल? म्हणून रूपापेक्षा झीज पाहावी. कोणता भाग हाताने गुळगुळीत झाला आहे, कोणता कामाने झाला आहे, कोठे काजळी आहे, कोठे घाव आहे, हे पाहावे. वस्तू कोणत्या वस्तूंच्या संगतीत सापडली ते पाहावे. आणि हे सारे पाहून झाले की ज्यांचे हात अशा कामात गेले, त्यांना विचारावे. आम्ही झीज पाहिली होती. सळई मधोमध गुळगुळीत होती आणि टोकांनाही तळहाताची चकाकी होती. म्हणजे ती ठोकावयाची नव्हे, उचकटावयाची नव्हे, दोन्ही हातांनी फिरवावयाची वस्तू, एवढे आम्हांला कळले होते. संगतीचा पुरावा मी केरात लोटला होता. आणि विचारावयाचे कोणाला, हे तर सुचलेच नव्हते.

उत्तर दाराशीच बसलेले होते. आपले सभागृह झाडावयास जी मुलगी येते तिची आजेसासू त्या दिवशी तिला हाक मारावयास आली होती. वय पंच्याऐंशीच्या पुढे असेल. मावशी पायरीवरच टेकल्या. आत या म्हटले तर "इथंच बरं हाय" म्हणाल्या. मी सळई घेऊन उजेडात पाहावे म्हणून दाराशी गेले, तर मावशींनी हात पुढे केला. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली नाही. डोळ्यांना तसे कमीच दिसते. दोन्ही तळव्यांखाली धरून त्यांनी ती हवेतच एकदा पुढे लोटली आणि म्हणाल्या, "लोढायची सळई हाय, माय. पाट कुठं हाय हिचा?"

लोढणे! हा शब्द आपल्याला ठाऊक आहे तो गुराच्या गळ्यातल्या ओंडक्याचा, किंवा नकोशा माणसाला आपण म्हणतो तो. पण कापूस लोढणे म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढणे, हा आपल्याच भाषेतला जुना शब्द. तो मी त्या दिवशी प्रथम माणसाच्या तोंडून ऐकला.

आम्ही लागलीच शेजारच्या शेतातला ओंजळभर कापूस आणविला. पाट नव्हता, म्हणून शहाबादी फरशीचा एक गुळगुळीत तुकडा धुऊन पुसून मांडला. मावशी मांडी घालून बसल्या. कापसाची एक पाकळी फरशीवर ठेवली, तिच्या कडेवर सळई टेकविली आणि दोन्ही तळव्यांनी दाबून पुढे लोटली. सरकी टपकन पुढे उडाली, आणि रुई सळईखालून मागे आली. दुसरी पाकळी, तिसरी पाकळी. दहाएक मिनिटांत फरशीच्या पुढच्या अंगाला सरकीचा लहानसा ढीग आणि मागच्या अंगाला रुईचा ढग तयार झाला. मध्येच मावशी कुरकुरल्या, "ह्यो कापूस जड चालतो. गावरान असता तर बघितलं असतं." आमच्यातल्या चौघी-पाचजणींनी हात लावून पाहिला. कोणाची सरकी फुटली, कोणाची रुई गुंडाळून सळईलाच बसली. त्या हसल्या नाहीत. फक्त माझी कोपरे धरून म्हणाल्या, "जोर मनगटात नको, खांद्यातून येऊ दे."

नंतर मी घरी पोळपाट-लाटण्यावर तेच करून पाहिले. लाटण्याने सरकी चिरडते. कारण विचारात घेतले म्हणजे या साध्या सळईचे शहाणपण कळते. लाटणे जाड, त्याच्या फुगीर अंगाखाली सरकी हळूच ओढली जाते आणि दाबून फुटते. सळई बारीक. तिच्यापुढे सरकी जणू भिंतीला अडल्यासारखी अडते. खाली शिरू शकत नाही. तंतू मात्र बारीक, ते खालून निसटतात. अडणे आणि निसटणे, एवढ्यावर सगळे काम. टोके निमुळती का? तर तळहाताखाली ती झरझर फिरावी म्हणून. लोखंडाची का? तर एवढ्या बारीक अंगाचे लाकूड दाबाने वाकेल म्हणून. ज्याने कोणी ही सळई घडविली त्याने वावगे काही ठेवले नाही आणि उणेही काही ठेवले नाही.

आता कोणी म्हणेल, यंत्रे आल्यावर हे हवे कशाला? हिंगोली तर फार पूर्वीपासून कापसाची पेठ. जिनिंगच्या कारखान्यात गाड्याच्या गाड्या कापूस जाई. हा प्रश्न मी मावशींना विचारला. त्यांचे उत्तर असे, की विकावयाचा कापूस कारखान्यात जाई, घरचा घरीच राही. पुढच्या पेरणीसाठी जी सरकी ठेवावयाची ती हाताने काढलेली बरी, तिला इजा होत नाही. देवाच्या वाती, फुलवाती, वस्त्रमाळा यांना लागणारी रुई बायका घरीच काढीत. बाळंतिणीच्या बाळाची दुलई भरावयाची ती याच मऊ रुईने. कापसात रुई सुमारे एक तृतीयांश आणि बाकी सरकी. म्हणजे एका दुलईपुरती रुई हवी तर तिच्या तिप्पट कापूस पाकळी पाकळी करून या सळईखालून जावयाचा. हे काम दुपारी, जेवणे आटोपल्यावर, बायका "बसल्या बसल्या" करीत. बसल्या बसल्या! आपल्याकडे बायकांच्या कामाचे हे नावच असे आहे की ते काम वाटतच नाही.

याच सळईविषयी दुसरी एक गोष्ट मला कळली ती माझ्या पुतण्याकडून. तो छत्रपती संभाजीनगरला शिकवितो. तो म्हणाला, "काकू, तुमची सळई अजिंठ्याच्या भिंतीवर आहे." मला थट्टा वाटली. पण ते खरे आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतील पाचव्या शतकातल्या चित्रांत एका रुळाने सरकी काढण्याचे काम रंगविलेले आहे, आणि कापूस लोढण्याच्या साधनाचा जगातला सर्वांत जुना पुरावा म्हणून त्याचा उल्लेख होतो. डीटर श्लिंगलोफ या जर्मन पंडितांनी प्राचीन भारतातील कापूसकामावर १९७४ साली लेख लिहिला. हजारो लोक त्या भिंतीसमोरून येऊन जात होते; पण हातात काय आहे हे ओळखावयास कोणी थांबावे लागते. पाश्चात्त्य देशांत कापसाच्या यंत्राचे नाव काढले की अमेरिकेच्या एली व्हिटने यांचे १७९४ सालचे पेटंट सांगतात. त्यांचे यंत्र दातेरी होते, ते तंतू ओढून काढी. पुढे १८४० साली मॅकार्थी यांनी रुळाचे यंत्र केले. आपल्या देशातील बहुतेक जिनिंगांत आजही रुळाचीच यंत्रे चालतात. म्हणजे सळईचे तत्त्व मोडीत निघालेले नाही. ते फक्त आपल्या घरातून उठून कारखान्यात गेले, आणि जाताना करणारीचे नाव मागे ठेवून गेले.

आता माझ्या फजितीचा उरलेला भाग सांगते. मावशींनी पहिल्याच वाक्यात विचारले होते, "पाट कुठं हाय हिचा?" त्या वेळी मी काहीच बोलले नाही. बोलावयाचे तोंड नव्हते. आमच्या घरी शिसवी लाकडाचा एक लहान पाट होता. बसावयाला अपुरा, पोळपाट म्हणावा तर लांबट. मधोमध थोडासा खोलगट झालेला. कित्येक वर्षे तो माठाखाली होता. नव्या ओट्यावर तो शोभेना, म्हणून एका हिवाळ्यात मी तो फोडून बंबात घातला. सासूबाई तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या होत्या. लाकूड फोडल्याचा आवाज ऐकून त्यांनी आतून विचारले, "काय फोडलंस?" मी सांगितले. त्या म्हणाल्या, "अगं, ती जोडी होती." मी विचारले नाही, कशाची जोडी. म्हातारे माणूस, प्रत्येक वस्तूत जीव अडकलेला, असे मनाशी म्हटले आणि पाणी काढावयास गेले. पाण्याला त्या दिवशी छान आच लागली होती, हेही मला आठवते.

एक प्रश्न विचारला असता तर सासूबाईंनी सळई ट्रंकेतून काढावयास सांगितली असती. कदाचित अंथरुणावरूनच माझ्या कोपरांना धरून शिकविले असते. चिंधीतल्या त्या काळ्या गोळ्या म्हणजे उंदराच्या लेंड्या नव्हेत, जुनी गावरान सरकी होती, हे आता मला कळते. मराठवाड्याचा गावरानी कापूस, विशेषतः परभणी-नांदेडकडचा, एकेकाळी तलम सुतासाठी नावाजलेला होता. २००२ नंतर बीटी कापूस आला आणि शेतेच्या शेते बदलली. आमच्या ट्रंकेत राहिलेल्या दोन-तीन बियाही माझ्या केरसुणीने गेल्या. इतक्या जुन्या सरकीला कोंब फुटला नसता हे खरे. पण ती पाहून मी विचारले तर असते!

परंतु पाट गेला यापेक्षाही मला जास्त लागलेली गोष्ट वेगळी आहे, आणि ती मंडळापुढे सांगावयाची म्हणूनच मी उभी राहिले. मावशी आपल्या सभागृहापासून हाकेच्या अंतरावर राहतात. इतकी वर्षे आपण हळदीकुंकू केले, पाककृतींच्या स्पर्धा केल्या, जुन्या ओव्या जमविल्या. मावशी आपल्या वहीत कोठेच नाहीत. हळदीकुंकवाला त्यांना बोलाविले नाही, कारण त्या विधवा. स्पर्धेला बोलाविले नाही, कारण त्या मजुरीने कापूस वेचणाऱ्या. त्या पायरीवर बसल्या आणि "इथंच बरं हाय" म्हणाल्या, ते त्यांचे नम्रपण नव्हते. ती आपण त्यांना इतक्या वर्षांत शिकविलेली सवय होती. अजिंठ्याच्या चित्रकाराने अशा बाईच्या कामाला भिंतीवर जागा दिली. आपण तिला सतरंजीवर दिली नाही. हे मी कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. निमंत्रणांची यादी पुष्कळ वर्षे माझ्याच हाताने लिहिलेली आहे.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत.

पहिली ही, की प्रदर्शन झाल्यावर वस्तू घरोघर परत जातील, पण मंडळात एक वस्तुवही ठेवावी. प्रत्येक वस्तूचे गावातले नाव, ती कशाने घडविली, कशी धरावयाची, कशासाठी वापरावयाची, आणि ही माहिती कोणी सांगितली, हे त्यात लिहावे. सांगणारीचे नाव तिच्या परवानगीने अवश्य लिहावे. पुण्याच्या डॉ. दिनकर केळकरांनी आयुष्यभर असे दिवे, अडकित्ते, वजऱ्या जमवून मुलाच्या नावाने संग्रहालय उभे केले. वर्ध्याला मगन संग्रहालय आहे, त्याचे उद्घाटन १९३८ साली गांधीजींच्या हस्ते झाले आणि तेथे चरख्यांचे नाना प्रकार जपलेले आहेत. आपल्याला तेवढे झेपावयाचे नाही. पण दोनशे पानी वही झेपेल.

दुसरी सूचना, माळा आवरावयाला काढाल तेव्हा भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला हाक मारा. ते "असू दे" म्हणाले तर "कशाला?" असे विचारा, पण वैतागून नव्हे, उत्तर ऐकण्यासाठी विचारा.

तिसरी सूचना, यापुढे आपले हळदीकुंकू सर्व बायकांचे असावे. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि शासनानेही इतर ग्रामपंचायतींना त्याचा आदर्श घ्यावयास सांगितले. आपले मंडळ तर बायकांचेच. आपल्याला ठरावाची वाट पाहावयाचे कारण नाही.

सळई आता समोरच्या टेबलावर आहे. तिच्याजवळ शहाबादी फरशी आहे, कारण पाट मी जाळला. फरशीच्या मागे सतरंजीवर मावशी बसलेल्या आहेत. त्या आज प्रदर्शनाचे उद्घाटन करणार आहेत, आणि फीत कापून नव्हे, एक पाकळी लोढून करणार आहेत. जी रुई निघेल तिची वात करून समोरच्या समईत लावू. ज्यांना शिकावयाचे असेल त्यांनी नंतर रांगेने यावे. कोपरे मावशी धरतील. पहिला नंबर मी लावून ठेवला आहे, कारण माझी रुई अजून सळईलाच गुंडाळते.